पॉझिटिव्हला काय लावायचं?

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मी ज्या शेडांच्या फरश्या फोडून बघितल्या, त्यांच्या पोटात क्रम बहुतेक एकच निघाला. वर काँक्रीट, त्याखाली सोलिंग, मग भरावाला टाकलेली फाउंड्रीची जळकी वाळू, तिच्याखाली पाणी धरून बसलेली काळी माती आणि शेवटी मुरूम. आमच्याकडं भराव म्हटला की जळकी वाळू आलीच. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात फाउंड्र्या इतक्या, की वाळू टाकायला जागा हुडकणारा आणि भरावाला माल हुडकणारा यांची गाठ चहाच्या टपरीवरच पडते.

माझं काम मातीचं. बोअर मारायचे, नमुने काढायचे, माती किती भार सोसेल ते लिहून द्यायचं. ती स्वच्छ आहे का, हे मला कुणी विचारत नाही. ज्या शेडबद्दल लिहितोय तिथंही विचारलं नव्हतं. निकेल-क्रोम प्लेटिंगची लाइन होती, आता बंद करायची होती. मालक प्लॉट ट्रान्स्फर करणार होते, घेणाऱ्याला तिथं प्रेस बसवायचे होते आणि टाक्यांच्या रांगेलगतची फरशी एका अंगानं खचलेली होती. ‘खाली माती मऊ पडलीय, काय करायचं तेवढं सांगा’, एवढाच निरोप.

भिंतीच्या बुडाला बघितलं तर पट्टणकोडोलीच्या यात्रेत भंडारा उधळल्यावर राहतो तसला पिवळा थर. हात लावणार होतो, तेवढ्यात लाइनवरच्या मामांनी मनगट धरलं. मामा म्हणजे तिथले सगळ्यात जुने प्लेटर, आयुष्य टाक्यांवर गेलेलं. ‘त्याला हात लावू नगासा साहेब. उन्हाळ्यात बाहेर येतंय ते. पावसात परत आत जातंय.’

मामांचं निरीक्षण पुस्तकात छापावं इतकं बरोबर होतं. क्रोमच्या टाकीत लिटरला अडीचशे ग्रॅमच्या आसपास क्रोमिक आम्ल असतं. टाकीला किंवा नाल्याला बारीक चीर गेली की ते खाली उतरतं. त्यातलं क्रोम हेक्झाव्हॅलंट, म्हणजे हेक्झा क्रोम; ते पाण्यात सहज विरघळतं. उन्हाळ्यात माती सुकायला लागली की ओल वर ओढली जाते, पाणी उडून जातं आणि पिवळे क्षार भिंतीवर राहतात. हे क्रोम कर्करोगाला कारण ठरतं आणि पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची भारतीय मानकातली मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. याच धातूचं दुसरं रूप, ट्रायव्हॅलंट क्रोम, त्या मानानं गरीब. ते मातीला चिकटून बसतं, सहसा हलत नाही.

खड्ड्यातल्या काळ्या मातीचा चमचाभर गोळा पाण्यात घुसळला, निवळी वेगळी काढली, तिच्यात थोडं आम्ल आणि डायफिनाइल कार्बाझाइडचे थेंब टाकले. निवळी जांभळी झाली. मालक खुर्चीतून उठून जवळ आले, बाटली उजेडात धरून बघितली आणि म्हणाले, ‘हे रिपोर्टमध्ये घालणार काय?’ घालावं लागेल म्हटलं.

एक गोष्ट सांगायला हवी. आपली काळी माती दख्खनच्या काळ्या पाषाणातून झालेली. तिच्यात निकेल, क्रोम, तांबं, जस्त मुळातच बऱ्यापैकी असतं. त्यामुळं प्रयोगशाळेतून ‘एकूण क्रोमियम’चा आकडा आला म्हणून लगेच हबकायचं नसतं. पाण्यात किती उतरतं आणि कुठल्या रूपात, हे बघायचं. इथं मात्र शंकेला जागाच नव्हती. दगडातलं क्रोम असं पिवळं होऊन भिंतीवर चढत नाही.

साधा उपाय म्हणजे माती उकरून रांजणगावच्या घातक कचरा प्रकल्पाकडं पाठवायची. मालकांनी ट्रकांचा हिशोब केला आणि गप्प झाले. त्यात दूषित पट्टा दोन खांबांच्या पायाखालून गेलेला; उकरणार किती? पाण्यानं धुवायची म्हटलं तर जळक्या वाळूचा थर धुऊन निघतो, तेवढा आम्ही तसाच धुतला. खरी अडचण तिच्याखालच्या काळ्या मातीची. घट्ट चिकणमातीत पाणी नुसत्या उतारानं सोडलं तर वर्षाला दोन-चार सेंटीमीटर सरकतं. म्हणजे नातवंडांना लक्ष ठेवायला सांगावं लागेल.

तिथं वीज उपयोगाला येते. ओल्या मातीत दोन कांड्या रोवून डीसी करंट सोडला तर पाणी पॉझिटिव्हकडून निगेटिव्हकडं सरकायला लागतं, हे मॉस्कोत रॉइस नावाच्या शास्त्रज्ञानं १८०९ साली मांडलं. गंमत अशी, की पाण्याच्या दाबाला चिकणमाती दाद देत नाही, पण विजेला देते. वाळू असो की चिकणमाती, विजेनं पाणी सरकण्याचा वेग फारसा बदलत नाही. सेंटीमीटरला एक व्होल्ट दिला तर ढोबळमानानं दिवसाला सेंटीमीटरभर. वर्षाचं काम आठवड्यात. शिवाय पाण्यात विरघळलेले धातूचे आयन पाण्यासाठी थांबत नाहीत. निकेल, जस्त, शिसं यांच्यावर धन भार, ते निगेटिव्हकडं चालू लागतात. हेक्झा क्रोम मात्र क्रोमेटच्या रूपात, ऋण भाराचं. ते उलट पॉझिटिव्हकडं.

या विद्येच्या दोन शाखा दोन वेगळ्या गरजांतून निघाल्या. लिओ कासाग्रांदे यांनी १९३० च्या दशकात जर्मनीत विजेनं मातीतलं पाणी काढून मऊ माती उभी राहील इतकी घट्ट करून दाखवली. साल्झगिटरला रेल्वेच्या कटिंगमध्ये ती पद्धत वापरली गेली. दुसरी शाखा माती धुण्याची, आणि तिचं एक जुनं मूळ आपल्याकडंच सापडतं. पुरी आणि आनंद या दोघांनी १९३६ साली अविभाजित पंजाबातल्या खारवट जमिनी विजेनं सुधारता येतील का, यावर शोधनिबंध लिहिला. शिरोळ तालुक्यातली उसाची क्षारपड रानं डोळ्यांपुढं असणाऱ्याला यात किती जीव आहे ते कळेल. जड धातूंसाठी शेतावर-प्लॉटवर उतरून प्रयोग व्हायला पुढं पन्नास वर्षं गेली. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगनला जुन्या रंगाच्या कारखान्याच्या आवारात १९८७ च्या सुमारास शिसं आणि तांबं असं ओढून काढलं गेलं.

मी आधी पेटी केली. ॲक्रिलिकची, हातभर लांब, मधे तीस सेंटीमीटर माती, दोन्ही टोकांना पाण्याचे कप्पे. तीस व्होल्ट सोडले. मामा रोज डबा खायच्या सुट्टीत बघायला यायचे. पहिल्याच दिवशी दोन्ही कांड्यांवरचे बुडबुडे बघून त्यांनी निकाल दिला, ‘हे तर आमचंच काम हाय की. मातीला प्लेटिंग करायलायसा.’

मला ज्याच्यासाठी अर्धा तास बोलावं लागलं असतं ते मामांना एका नजरेत कळलं, कारण करंट, अ‍ॅनोड, पीएच, टाकीत कुठं काय साठतं, यातच त्यांची हयात गेली होती. कॉलेजात शिकलेली माझी विद्युतरसायनाची उजळणी त्या पेटीपाशी झाली, आणि ती मामांनी घेतली. पॉझिटिव्हला पाणी फुटून आम्ल होतं आणि ऑक्सिजन निघतो, निगेटिव्हला अल्कली होतं आणि हायड्रोजन निघतो. पॉझिटिव्हचा पीएच दोनपर्यंत उतरतो, निगेटिव्हचा अकरा-बारापर्यंत चढतो. मग मातीतून दोन लाटा एकमेकींकडं निघतात, एक आम्लाची, एक अल्कलीची. आम्लाची लाट जास्त चपळ, म्हणून गाठ निगेटिव्हच्या बाजूला पडते. निकेल आम्लात विरघळून चालत येतं, त्या गाठीपाशी अल्कलीत सापडतं आणि तिथंच हायड्रॉक्साइड होऊन थिजतं. पेटी उघडून माती कापली तर निगेटिव्हच्या अलीकडं एक फिकट हिरवट पट्टी. धातू गेला नव्हता, एका जागी गोळा होऊन बसला होता. निगेटिव्हच्या कप्प्यात अ‍ॅसिटिक आम्ल थेंबथेंब सोडत राहिलं, की अल्कलीची लाट उठत नाही आणि निकेल कप्प्यापर्यंत पोचतं.

पण क्रोमचं गणित उलटं. आम्लात क्रोमेट मातीच्या कणांना धरून बसतं, अल्कलीत सुटतं. शिवाय ते पॉझिटिव्हकडं जायला निघतं तेव्हा पाण्याचा प्रवाह समोरून येत असतो. निकेलला माती आंबट हवी, क्रोमला नको. निकेल डावीकडं, क्रोम उजवीकडं. निकेल-क्रोमच्या लाइनखालची माती म्हणजे दोघं एकाच घरात. पुस्तकांतले बरेच प्रयोग एकाच धातूचे, तेही प्रयोगशाळेत कालवलेल्या पांढऱ्या केओलिनमधले असतात. केओलिन फार शहाणी माती आहे. आपली काळी माती तशी नाही. तिच्यात माँटमोरिलोनाइट आहे, चुनखडी आहे; ती आम्ल पिऊन टाकते आणि वर ढेकर देत नाही. चुनखडीचे खडे संपेपर्यंत आम्लाची लाट पुढं सरकतच नाही, आणि तोवर विजेचं मीटर फिरत असतं.

म्हणून क्रम लावला. आधी क्रोम: पॉझिटिव्हच्या कांडीभोवतीच्या विहिरीत कॉस्टिकचं पातळ पाणी सोडून तिथं आम्ल होऊ द्यायचं नाही. क्रोम आलं, की ते कॉस्टिक बंद करायचं, आम्लाची लाट सोडायची आणि निकेल काढायचं.

शेडमध्ये काम मांडताना पहिला वाद झाला तो रेक्टिफायरवरून. मालक म्हणाले, ‘प्लेटिंगचा रेक्टिफायर पडून हाय, हजारांनी अँपिअर देतोय, तोच लावा.’ पण त्याचे व्होल्ट बारा. कांड्यांमधलं अंतर दीड मीटर धरलं तर सेंटीमीटरला ०.०८ व्होल्ट पडतो. त्यात माती हलत नाही. आम्हाला अँपिअर थोडे पण व्होल्ट शंभराच्या पुढं हवे होते. उद्यमनगरातल्या एका वाइंडरनं ट्रान्सफॉर्मर, ब्रिज आणि दोन मीटर एका पेटीत बसवून दिले. कामाला चोख माणूस, पण ‘मातीला कशाला करंट देताय’ याचं उत्तर ऐकून घ्यायला तो काही थांबला नाही.

ओल्या जमिनीत शंभरावर व्होल्ट डीसी ही मस्करी नव्हे. घरातल्यासारखा साधा ईएलसीबी डीसीची गळती ओळखेलच असं नाही. पट्ट्याभोवती कुंपण घातलं, दार उघडलं की पुरवठा तुटेल असा स्विच लावला. हायड्रोजन साठू नये म्हणून वरचे पत्रे काढले. शेडच्या अर्थिंगच्या पट्ट्या त्या बाजूला तोडून दुसरीकडं फिरवल्या, कारण करंटला चिकणमातीपेक्षा लोखंडी पट्टी कधीही सोपी, आणि जिथून करंट लोखंड सोडून मातीत उतरतो तिथं लोखंड खाल्लं जातं. खांबांच्या पायातल्या सळ्यांचीही तीच भीती, म्हणून त्यांच्याजवळच्या कांड्यांचे व्होल्ट कमी ठेवले.

एवढं करूनही एका ओळीत अँपिअर भलतेच चढले. मामांनी मीटर बघितला, मातीकडं बघितलं आणि म्हणाले, ‘वाळूत बीड असणार.’ तसंच निघालं. धुऊन राहिलेल्या जळक्या वाळूत ओतकामाचे थेंब, बारीक शॉट, एक तर चांगला मुठीएवढा रायझरचा तुकडा. करंट त्या वाटेनं पळत होता आणि खालच्या मातीला काहीच मिळत नव्हतं. वाळूच्या उंचीपर्यंत कांड्यांवर पीव्हीसीचे पाइप चढवले, तेव्हा तो खाली उतरला.

आता शीर्षकातला प्रश्न. पॉझिटिव्हला काय लावायचं? मी ग्राफाइटच्या कांड्या धरल्या होत्या. शेडच्या कोपऱ्यात क्रोमच्या टाकीचे जुने शिशाचे अ‍ॅनोड रचून ठेवले होते, तेच वापरा असा आग्रह झाला. टाकीत ते ठीक. मातीत, तेही अ‍ॅसिटिक आम्लाच्या शेजारी, शिसं सोडायचं म्हणजे एक धातू काढताना दुसरा पेरायचा. लोखंडी पाइप सगळ्यात स्वस्त आणि इथं पावलापावलावर मिळणारा. पण लोखंड पॉझिटिव्हला विरघळतं. एका अँपिअरनं दिवसभरात सुमारे पंचवीस ग्रॅम लोखंड मातीत जातं. हे लोखंड हेक्झा क्रोमला भेटलं की त्याला ट्रायव्हॅलंट करून टाकतं. ते पंचवीस ग्रॅम लोखंड जेमतेम आठ ग्रॅम क्रोमला पुरतं. पुढं लोखंडाचे ऑक्साइड मातीच्या कणांना सांधतात, चिकणमाती घट्ट होते. म्हणजे मालकांना जे हवं ते सगळं लोखंड देतं: विषारी क्रोम संपतं, माती टणक होते, पैसे वाचतात.

मालकांचं म्हणणं सरळ होतं. ‘मग पहिल्यापासनं लोखंडच लावा की. कशाला ते ग्राफाइट?’

इथं माझं आणि त्यांचं जमेना. माती धुणं आणि माती घट्ट करणं या कामांना वीज एकच लागते, पण दोन्ही एकमेकांच्या वाटेत येतात. धुवायला माती ओली हवी, छिद्रं मोकळी हवीत. घट्ट करायला पाणी काढून घ्यायचं, छिद्रं बुजवायची. आधी लोखंड लावलं तर क्रोम आहे तिथंच थिजतं आणि पुन्हा काढायचा रस्ता बंद होतो. हेक्झाचं ट्रायव्हॅलंट झालं हे खरं. पण मातीत मँगनीजचे ऑक्साइड असतील तर थोडं उलटही फिरू शकतं, आणि आपल्या मातीत मँगनीज आहे. काढता येईल तेवढं ग्राफाइटनं काढायचं आणि लोखंड शेवटी, असं मी धरून बसलो. मालक रागावले, ते बिल बघून रागावले होते, आणि त्यात चूक काही नव्हतं. पण प्लॉट घेणारा मीच शोधून दिलेला असता तर त्याला काय सांगितलं असतं, एवढाच मी विचार केला.

ग्राफाइटची विहीर पिवळी व्हायला लागली तो दिवस मामांचा. पाणी आधी नितळ, मग लिंबाच्या सरबताइतकं, मग गर्द. मामा झाकण उघडून सगळ्यांना बोलावून दाखवत होते. ते पाणी लाइनच्याच ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरणात, गेलं: पीएच दोन-तीनला आणून मेटाबायसल्फाइट, मग चुना, गाळ, फिल्टर प्रेस, आणि गाळ रांजणगावला. ट्रकभर मातीऐवजी पोत्यांत मावेल इतका गाळ; या सगळ्या खटाटोपाचा अर्थ काय तो इथं. वीज धातू नाहीसा करत नाही. पसरलेला धातू पकडता येईल अशा जागी आणून देते. पकडायला तिथं कुणी उभं नसेल तर नुसता पत्ता बदलतो.

निकेल सोपं जाईल असं वाटलं होतं, पण चुनखडीनं दमवलं. शेवटी ते हवं तितकं निघालं नाही, हे लिहिलेलं बरं. अमेरिकी नौदलाच्या कॅलिफोर्नियातल्या पॉइंट मुगू तळावर १९९८ साली प्लेटिंगच्या सांडपाण्याच्या जुन्या खड्ड्यांवर असाच प्रयोग झाला होता. तिथं समुद्राकाठच्या खाऱ्या मातीनं सगळे हिशोब बिघडवले. माती जागोजागची निराळी, आणि विकत घेतलेली पद्धत तिला विचारून चालत नाही.

अखेरीस ग्राफाइट काढून त्याच भोकांत लोखंडी पाइप ठोकले. निगेटिव्हकडून पाणी उपसत राहिलो, पॉझिटिव्हकडं पाणी घालायचं थांबवलं. आधी ज्या मातीत अंगठा पेरभर सहज आत जायचा, तिच्यात पॉझिटिव्हच्या पाइपांभोवती नख रुतेना. तपकिरी-लाल कवच धरलेलं, भेगाळलेलं. निगेटिव्हजवळची माती मात्र तशीच लोण्यासारखी, उलट जास्तच ओली. वीज एका बाजूला माती सुकवते तर दुसऱ्या बाजूला पाणी आणून टाकते, म्हणून टोकं उलटून पुन्हा चालवावं लागलं. तरी मधला पट्टा दोन्हीकडच्यापेक्षा कच्चा राहिला. नवी फरशी त्या पट्ट्यावर टाकायची नाही, टाकायचीच तर जाड राफ्ट घालून, असं लिहून दिलं.

लिहून देण्यावरच शेवटची हुज्जत झाली. एमआयडीसीचा प्लॉट ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं असतो. शेड, मालक, धंदा बदलत जातो, माती तीच राहते. दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे केंद्राचे नियम आले ते जुलै २०२५ मध्ये. त्याआधी अशा गोष्टींची नोंद ठेवायची सवयच कुणाला नव्हती. मी नकाशा काढला: कुठं किती खोल धुतलं, कुठं क्रोम लोखंडानं बांधून ठेवलंय, कुठं निकेल उरलंय. मालकांना तो फायलीत नको होता. मामा तिथंच उभे होते, त्यांनी मालकांच्या तोंडावर सांगितलं, ‘घालू द्या की मालक. उद्या त्या नव्या माणसाची पोरं हितं खड्डा मारणार.’ नकाशा फायलीत गेला.

दुसऱ्या उन्हाळ्यात मामांनी भिंतीचा फोटो पाठवला. बुडाला पिवळं नव्हतं. मात्र दाराजवळच्या कोपऱ्यात, जिथं आमच्या कांड्या पोचल्या नव्हत्या, नखाएवढा एक डाग होता. तिथला नमुना मागवून घेतला, जांभळा रंग फिका आला, पण आला. नव्या मालकांच्या इंजिनिअरचा परवा फोन होता, दुसऱ्या प्रेसचा पाया कुठं घेऊ म्हणून. पूर्वेच्या भिंतीकडं सहा फुटांपर्यंत खुशाल जा म्हटलं. दाराचा कोपरा फोडायच्या आधी मला बोलावा, आणि मामा अजून कामावर येत असले तर त्यांनाही उभं करा.